फुप्फुसाच्या कर्करोगावरील लक्ष्यवेधी औषधे निष्प्रभ का होतात?

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनासारख्या आनंदाच्या प्रसंगी कर्करोगाचा विषय घेऊन उभे राहणे फारसे औचित्यास धरून नाही, याची आम्हांस जाणीव आहे. सकाळी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, मुलांच्या स्पर्धा झाल्या, नुकत्याच पंगती उठल्या. आणि आता आम्ही आपणांस दुखण्याची कथा ऐकविणार! तथापि चिटणिसांनी जेव्हा "या वर्षी आपल्या व्यवसायातील एखादा विषय घ्यावा" अशी आज्ञा केली, तेव्हा आमच्या मनात दुसरा विषयच येईना. त्याचे कारण ओघाने आपल्या ध्यानी येईल.

आमचा व्यवसाय रोगनिदानाचा. सुईने अथवा शस्त्रक्रियेने काढलेला शरीराचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा आणि रोग कोणता ते सांगावयाचे, ही आमची जन्मभराची चाकरी. आमचे आजोबा व वडील बागेसरीपुढे बसून सोन्याचा कस पाहत. आम्ही काचपट्टीवर पेशींचा कस पाहत आलो. दोन्ही कामांचे मर्म एकच. वस्तू दिसते कशी यावर विसंबू नये, ती कसोटीवर उतरते कशी ते पाहावे. आपल्या व्यवसायातील आणखी एक साधा नियम येथे बसलेल्या प्रत्येक कारागिरास ठाऊक आहे. दागिना एकदा कसास लावलेला असला, तरी तो आटविला आणि त्यात दुसरे काही मिसळले, की पहिला कस त्यास लागू पडत नाही. तो पुन्हा पाहावा लागतो. आजच्या आमच्या सांगण्याचे सार एवढेच आहे. मात्र हा नियम सोन्यास लावणारे आम्ही सर्व जण घरातील आजाऱ्यास तो लावण्यास विसरतो, आणि त्या विसरण्याची किंमत मोठी असते.

ज्या प्रसंगामुळे हा विषय आमच्या मनात घर करून बसला, तो प्रथम सांगतो. आमच्या चुलतबंधूंच्या पत्नी, ज्यांस आम्ही वहिनी म्हणत असू, त्यांस २०१६ साली फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. वहिनींनी जन्मात विडी पाहिली ती दुसऱ्याच्या हाती. मिश्रीसुद्धा त्यांनी कधी लावली नाही. त्यामुळे रोगाच्या दुःखात लोकांच्या कुजबुजीची भर पडली. परंतु तंबाखू हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण असले, तरी ते एकमेव कारण नव्हे. तपासणीत वहिनींच्या रोगाच्या पेशींत ईजीएफआर नावाच्या जनुकात दोष आढळला. हा दोष, विशेषतः तंबाखूस कधीही न शिवलेल्या स्त्रीपुरुषांत, पुष्कळदा दिसून येतो. त्या दोषावर नेमके काम करणारी जेफिटिनिब नावाची गोळी त्यांस सुरू झाली. दिवसाकाठी एक गोळी. महिना भरला नाही तोच खोकला थांबला, धाप गेली, आणि नातीच्या बारशास वहिनींनी स्वतः पुरणपोळ्या लाटल्या. रोग गेला, असे सर्वांनी मानले.

चौदाव्या महिन्यात खोकला परत आला. उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनी सांगितले की, पुन्हा सुई घालून तुकडा तपासावा लागेल. घरात बैठक बसली. कोणी म्हणाले, गोळ्याच बनावट आल्या असतील. कोणी म्हणाले, लग्नसराईत जागरणे झाली, पथ्य मोडले, त्याचे हे फळ. वहिनी मात्र आम्हांस शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, पहिल्या वेळी सुई टोचली ती पुरेशी नाही का? रोग तोच, बाईही तीच. पुन्हा पाहावयाचे काय राहिले?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी होते. परंतु त्यांचा थकलेला चेहरा पाहून आम्ही केवळ "बघू, घाई नाही" एवढेच बोललो. पुढे घरच्यांनी गोळी बंद करून झाडपाल्याचे औषध चालू केले. तीन महिन्यांनी छातीत पाणी भरले. ते पाणी तपासले, तेव्हा रोगाने कोणती वाट धरली आहे ते स्पष्ट दिसले. त्या वाटेवर गाठणारे औषधही तोवर निघाले होते. ते आणविले. परंतु शक्ती सरली होती. अकराव्या दिवशी वहिनी गेल्या.

ते औषध तीन महिने आधी मिळते तर वहिनी बऱ्या झाल्या असत्या, असे आम्ही म्हणणार नाही. त्या अवस्थेतील रोग समूळ जाणारा नव्हता. परंतु काही महिने, कदाचित वर्षभरही, त्या आपल्या नातवंडांत वावरल्या असत्या, अशी संधी होती. ती संधी आमच्या "बघू" या शब्दात गेली. त्यांच्या प्रश्नाचे जे उत्तर त्या वेळी दिले नाही, ते आज आपणां सर्वांसमोर देत आहो.

प्रथम ही औषधे काम कशी करतात ते पाहू. शरीरातील प्रत्येक पेशीस वाढण्याची आज्ञा बाहेरून मिळत असते. ती आज्ञा स्वीकारण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे ग्राहक असतात. ईजीएफआर हा त्यांपैकीच एक. त्याचे एक टोक पेशीच्या बाहेर, दुसरे आत. बाहेर वाढीचा संदेशवाहक येऊन चिकटला म्हणजे आतील टोक जागे होते आणि पेशीस 'विभाजन कर' अशी खूण पोहोचविते. ही खूण करण्यासाठी आतील टोकास एटीपी नावाचे इंधन लागते व ते एका खाचेत येऊन बसते. निरोगी पेशीत काम झाले की हे टोक पुन्हा निजते. दोषी जनुकापासून बनलेले प्रथिन मात्र संदेश आला नसताही जागेच राहते. दारावरची घंटा कोणी न दाबता अखंड वाजत राहावी, तसा हा प्रकार. जेफिटिनिब, एर्लोटिनिब ही औषधे त्या इंधनाच्या खाचेत जाऊन बसतात. इंधनास जागा उरत नाही, घंटा थांबते, आणि जी पेशी त्या घंटेवरच जगत होती ती मरते. जुन्या रसायनोपचाराची औषधे वाढणाऱ्या सर्वच पेशींवर घाव घालतात. ही औषधे विशिष्ट दोषावर नेम धरतात. म्हणून त्यांस लक्ष्यवेधी म्हणावयाचे.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. जेफिटिनिबला अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळाली, तेव्हा ते थोड्याच रुग्णांत गुणकारी का ठरते, हे कोणास सांगता येत नव्हते. २००४ साली बोस्टन येथील दोन संशोधकगटांनी दाखवून दिले की, ज्यांच्या रोगपेशींत ईजीएफआरचा दोष असतो त्यांसच या औषधाचा विलक्षण गुण येतो. पुढे पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांवर झालेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब केले. ज्यांच्यात दोष होता, त्यांपैकी निम्म्यांत रोग पुन्हा वाढण्यास जेफिटिनिबवर साडेनऊ महिने लागले, रसायनोपचारावर ६.३ महिने. उलट ज्यांच्यात दोष नव्हता, त्यांत जेफिटिनिबवर अवघ्या दीड महिन्यात रोग पुढे सरकला, तर रसायनोपचारावर साडेपाच महिने थोपला. म्हणजे एकाच्या अमृताचा दुसऱ्यास काडीचा उपयोग नाही. यास्तव गोळीपूर्वी कसोटी, हा नियम जगभर रूढ झाला. आपल्या देशात फुप्फुसाच्या ग्रंथिपेशींच्या कर्करोगाने आजारी असलेल्यांपैकी साधारण पाव हिस्सा लोकांत हा दोष आढळतो.

येथवर सर्व ठीक. परंतु याच आकड्यांत एक कटू सत्य दडलेले आहे. गुण आलेल्या रुग्णांतही रोग काही काळाने परततो. असे का व्हावे?

प्रथम एक गैरसमज दूर करू. रुग्णाचे शरीर औषधास 'सरावते' असे आपण म्हणतो. तसे नव्हे. शरीर तेच असते. रोगाची लोकसंख्या बदलते. गाठ म्हणजे एकसारख्या पेशींचा ढीग नव्हे. बोटाच्या पेराएवढ्या गाठीत कोट्यवधी पेशी असतात. प्रत्येक विभाजनाच्या वेळी जनुकांची नक्कल होते, आणि नक्कल करताना चुका होतात. पोथीची नक्कल करणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर चुकावे, तशाच या चुका. बहुतेक चुका निरर्थक असतात. परंतु कोट्यवधी नकलांत एखादी चूक अशी घडते की, तिच्यामुळे औषध त्या पेशीवर चालेनासे होते. औषध नसते तोवर त्या पेशीस कोणी विचारीत नाही. ती गर्दीत एक. औषध सुरू होताच बाकीच्या मरतात, तिला मोकळे रान मिळते, आणि तिचा वंश वाढतो. औषधाने ती पेशी निर्माण केली नाही. औषधाने तिची निवड केली. १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक या दोघांनी जंतूंवरील प्रयोगांत हेच तत्त्व सिद्ध केले होते की, प्रतिकार देणारा बदल मारक घटकाशी गाठ पडण्यापूर्वीच यदृच्छेने घडलेला असतो.

तथापि सर्वच पेशी असा बदल आधीपासून घेऊन बसलेल्या नसतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, औषधाच्या भडिमारात शेकडा ०.३ इतक्या पेशी कसलाही नवा जनुकदोष नसताही तग धरून राहतात. त्या जवळजवळ विभाजन थांबवितात आणि दबून बसतात. उन्हाळ्यात गवत वाळून जावे आणि मुळे मात्र जमिनीत जिवंत राहावी, तसे त्यांचे असते. या तग धरलेल्या पेशींपैकी काहींत पुढे खरोखरचा बदल घडतो व रोग उसळतो. २०१६ साली झालेल्या अभ्यासाने दोन्ही वाटा खऱ्या असल्याचे दाखविले. काही प्रतिकारक पेशी आधीपासून असतात, काही या दबून बसलेल्यांतून नंतर उपजतात. म्हणूनच गाठ छायाचित्रात दिसेनाशी झाली, तरी रोग गेला असे म्हणता येत नाही.

आता रोग कोणकोणत्या वाटांनी निसटतो ते पाहू. वाटा पुष्कळ आहेत. त्यांपैकी तीन मुख्य समजून घेतल्या म्हणजे पुरे.

पहिली वाट खाच बदलण्याची. ईजीएफआर प्रथिनाच्या साखळीतील ७९० क्रमांकाच्या जागी थ्रिओनिन नावाचे अ‍ॅमिनो आम्ल असते. त्या जागी मेथिओनिन येऊन बसले म्हणजे इंधनाची खाच इंधनास अधिक प्रिय होते आणि औषधास तेथे टिकाव धरणे अवघड जाते. एका जागेसाठी दोघांची चढाओढ चालू असताना एकाचे पारडे जड व्हावे, तसे हे आहे. या बदलास टी-७९०-एम म्हणतात. तो २००५ साली प्रथम वर्णिला गेला. जेफिटिनिबसारख्या पहिल्या पिढीच्या औषधांवर असताना रोग परतलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत हीच वाट दिसते. वहिनींच्या छातीतील पाण्यात आम्हांस हाच बदल आढळला होता.

दुसरी वाट आडमार्गाची. येथे ईजीएफआरची खाच जशीच्या तशी असते, औषध तीत घट्ट बसलेले असते, घंटा बंद असते. परंतु पेशी मेट नावाच्या दुसऱ्याच ग्राहकाच्या जनुकाच्या पुष्कळ प्रती करून त्याच्या करवी वाढीचा निरोप पोहोचविते. पुढच्या दाराला कुलूप घातले म्हणून चोर परसदारी आला. ही वाट २००७ साली उजेडात आली.

तिसरी वाट सर्वांत विलक्षण. रोगाची जातच पालटते. ग्रंथिपेशींचा कर्करोग लघुपेशी कर्करोगाचे रूप घेतो. हा सूक्ष्मदर्शकाखाली निराळा दिसतो, निराळा वागतो, आणि त्यास निराळे रसायनोपचार लागतात. बोस्टन येथे ३७ रुग्णांचे दुसऱ्यांदा तुकडे घेऊन २०११ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पाच रुग्णांत असे रूपांतर आढळले. आम्ही स्वतः अशी काचपट्टी प्रथम पाहिली, तेव्हा दुसऱ्या कोणाचा तुकडा आमच्यापुढे आला की काय अशी शंका येऊन आम्ही नावे दोनदा पडताळून पाहिली होती.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर आता आपण देऊ शकाल. बाई तीच, परंतु रोग तोच राहिलेला नसतो. तीन रुग्ण, तिघांचा खोकला सारखा, तिघांच्या छायाचित्रांतील सावलीही सारखी. परंतु एकास हवी नवी गोळी, दुसऱ्यास हवे दुहेरी औषध, तिसऱ्यास हवा लघुपेशी रोगाचा रसायनोपचार. बाहेरून पाहून हे कळणे अशक्य. हीण किती आहे ते रंगावरून सांगणारा सोनार आपण शहाणा मानीत नाही. मग येथे तरी अंदाजाने चालावे का?

दुसरी कसोटी निष्फळ नसते, यास पुरावा आहे. टी-७९०-एम हा बदल झाला असताही खाचेत घट्ट बसेल असे ऑसिमेर्टिनिब नावाचे औषध निघाले. ते ७९७ क्रमांकाच्या सिस्टीन या अ‍ॅमिनो आम्लाशी कायमचा बंध जोडते, म्हणून इंधनास ते सहजासहजी हुसकून लावता येत नाही. अमेरिकेत त्यास २०१५ च्या नोव्हेंबरात मान्यता मिळाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, ४१९ रुग्णांच्या चाचणीत टी-७९०-एम असलेल्यांपैकी निम्म्यांत रोग पुन्हा वाढण्यास या औषधावर १०.१ महिने लागले, रसायनोपचारावर ४.४ महिने. एका तपासणीने हाती आलेले हे पाच-सहा महिने क्षुल्लक नव्हेत. मुलीचे लग्न पाहावयाचे, घराचे कागद मार्गी लावावयाचे, नातवाच्या मुंजीस बसावयाचे, ते याच महिन्यांत.

दुसऱ्या सुईची भीतीही आता पूर्वीइतकी उरलेली नाही. मरणाऱ्या रोगपेशींच्या जनुकद्रव्याचे बारीक कण रक्तात वाहत असतात. ते शोधून ईजीएफआरचा दोष ओळखणाऱ्या रक्तचाचणीस अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली, आणि आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही अशी चाचणी होते. पुष्कळदा दंडातील रक्तावर काम भागते. परंतु एक सावधगिरी सांगितली पाहिजे. रक्तात काही सापडले तर ते बहुधा विश्वसनीय. रक्तात काही सापडले नाही, म्हणून बदल नाही असे मात्र म्हणता येत नाही. शिवाय रोगाची जात पालटली आहे की काय, हे केवळ तुकडाच सांगू शकतो. म्हणून रक्ताने उत्तर न दिल्यास सुईस नकार देऊ नये.

अर्थात नव्या औषधापुढेही रोग स्वस्थ बसत नाही. आता ऑसिमेर्टिनिब प्रारंभापासूनच देतात. त्याची पहिल्या पिढीच्या औषधांशी तुलना झाली तेव्हा निम्म्या रुग्णांत रोग पुन्हा वाढण्याचा काळ १०.२ महिन्यांवरून १८.९ महिन्यांवर गेला. टी-७९०-एमची वाट त्यामुळे बंद झाल्यासारखी झाली. परंतु या चाचणीत रोग परतलेल्या रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा शेकडा सुमारे १५ जणांत मेटचा आडमार्ग आढळला, शेकडा सुमारे ७ जणांत ७९७ क्रमांकाचे सिस्टीनच बदलून गेले होते. ज्या खुंटीस औषध बांधले, ती खुंटीच रोगाने उपटली! आणि पुष्कळांत तर कोणतेच एक कारण सापडत नाही. अशा वेळी कसोटी लावूनही उत्तर न मिळण्याचा प्रसंग येतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मग उपाय काय? येथे क्षयाचा जुना धडा उपयोगी पडतो. ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनची सुप्रसिद्ध चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. तीत रुग्ण प्रथम सुधारले, आणि मग पुष्कळांच्या थुंकीत त्या औषधास न जुमानणारे जंतू आढळू लागले. त्यावर तोड निघाली ती दोन औषधे एकत्र देण्याची. पहिल्यास चुकविणारा जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. दोघांस एकाच वेळी चुकविणारा जंतू फारच विरळा. कर्करोगातही हाच विचार आता फळास येत आहे.

या कामात मुंबईचा वाटा आहे, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयातील वैद्यांनी ईजीएफआरचा दोष असलेल्या ३५० रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांस केवळ जेफिटिनिब, निम्म्यांस जेफिटिनिबच्या जोडीला पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही रसायनोपचाराची औषधे. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, रोग थोपण्याचा काळ आठ महिन्यांवरून सोळा महिन्यांवर गेला, म्हणजे दुप्पट झाला. केवळ गोळी घेणाऱ्यांत निम्मे रुग्ण सतरा महिन्यांत दगावले होते. जोडउपचार घेणाऱ्या गटाने हिशेब मांडला त्या वेळेपर्यंत तो टप्पा गाठला नव्हता. मात्र लाभ फुकट मिळत नाही. तीव्र दुष्परिणाम पहिल्या गटात शेकडा २५ जणांस, दुसऱ्यात शेकडा ५१ जणांस झाले. पुढे ऑसिमेर्टिनिबच्या जोडीला रसायनोपचार दिल्याने तो काळ १६.७ वरून २५.५ महिन्यांवर गेल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. ईजीएफआर व मेट या दोन्ही दारांस एकाच वेळी अडसर घालणारे अमिव्हँटामॅब हे औषध लेझर्टिनिबच्या जोडीने देण्यास अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली. रोग अद्याप हरलेला नाही. परंतु त्याच्या वाटा आता आपणांस ठाऊक होऊ लागल्या आहेत, हे थोडे नव्हे.

एवढ्या विवेचनानंतर घरोघरी उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगतो.

पहिली. रोग परतला म्हणजे दोष कोणाच्याही माथी मारू नये. वहिनींनी पथ्य मोडले नव्हते, मुलाने गोळ्या चुकीच्या दुकानातून आणल्या नव्हत्या, देवाचे काही करावयाचे राहिले नव्हते. कोट्यवधी नकलांतील एका अक्षराची ती चूक होती. आपल्या बैठकीत हे शब्द उच्चारले गेले तेव्हा वहिनी पलीकडच्या खोलीत होत्या, आणि त्यांनी ते ऐकले होते. रोगाच्या वेदनेत अपराधाची वेदना मिसळणे, हे पाप आपल्या हातून घडू नये.

दुसरी. गोळी आपल्या मनाने थांबवू नये. रोग परतला तरी त्यातील सर्व पेशी औषधास न जुमानणाऱ्या झालेल्या नसतात. पुष्कळ अद्याप त्याच गोळीच्या धाकात असतात. धाक एकाएकी काढला, तर काही रुग्णांत रोग वेगाने उसळतो. गोळी कधी थांबवावयाची हे उपचार करणाऱ्या वैद्यासच ठरवू द्यावे.

तिसरी. "पुन्हा तपासणी करावयाची का?" हा प्रश्न वैद्याने विचारला नाही, तर आपण विचारावा. विचारण्यात त्यांचा अवमान नाही. आणि पहिल्या तपासणीचा कागद व तुकड्याची मेणवडी जपून ठेवावी. जुन्याशी नवे ताडून पाहण्यास ती लागतात.

चौथी गोष्ट आपल्या संस्थेविषयी आहे, आणि ती आम्ही अध्यक्षमहाशयांच्या परवानगीने स्पष्ट बोलतो. आपला वैद्यकीय साहाय्य निधी हा आपल्या वाडवडिलांनी पै पै जमवून उभा केला. त्याच्या नियमांत असे आहे की, एका रुग्णास एका आजारासाठी एकदाच साहाय्य द्यावे. ज्या काळी नियम केला त्या काळी तो योग्यच होता. आजार एकदा ओळखला की ओळखला, अशी तेव्हा समजूत होती. आज तशी स्थिती नाही. या नियमामुळे आपण पहिल्या कसोटीस व पहिल्या गोळीस हातभार लावतो, आणि रोगाने रूप पालटले त्या नेमक्या क्षणी हात आखडता घेतो. वहिनींच्या घरी त्या बैठकीत दुसऱ्या तपासणीच्या खर्चाचाही विषय निघाला होता, हे आम्ही आजवर कोठे बोललो नव्हतो. बनावट गोळ्या व मोडलेले पथ्य यांच्या आड तीही अडचण होती. आपल्या माणसांस हात पसरण्याचा संकोच वाटतो. आणि नियम पाहिला असता हात पसरूनही उपयोग नव्हता.

यास्तव आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे की, रोग परतला असता करावयाच्या तपासणीसाठी स्वतंत्र साहाय्य देण्याची तरतूद नियमांत करावी. औषधांच्या किमतींचा सारा भार आपल्या निधीस पेलणारा नाही, हे आम्ही जाणतो. जेफिटिनिब देशी कारखान्यांमुळे पुष्कळ स्वस्त झाले आहे. ऑसिमेर्टिनिबवरील आयातशुल्क केंद्र सरकारने २०२४ च्या जुलैतील अर्थसंकल्पात माफ केले, तरी ते सामान्य घरास जडच आहे. परंतु कोणते औषध घ्यावयाचे हे ठरविणारी कसोटी तरी पैशावाचून अडू नये. चुकीच्या औषधावर दवडलेल्या एका महिन्याचा खर्च पुष्कळदा कसोटीच्या खर्चाहून अधिक असतो. या तरतुदीसाठी प्रारंभ म्हणून आम्ही आपली यथाशक्ति देणगी चिटणिसांकडे सुपूर्द केली आहे. ती वहिनींच्या नावे जमा करावी, एवढीच अट आहे.

वेळ बराच झाला.  पुढेमागे आपल्यापैकी कोणाच्या घरी असा प्रसंग येऊ नये, अशी परमेश्वराजवळ प्रार्थना आहे. तथापि तो आलाच, आणि कोणी आपणांस विचारले, "रोग तोच, माणूसही तेच, मग पुन्हा पाहावयाचे काय?" तर आम्ही म्हणालो तसे "बघू" म्हणू नका. रोग तोच राहिलेला नाही, असे सांगा. आणि त्याच दिवशी तपासणीची व्यवस्था करा.